पितळी सूर्यमाला करतोय, मंगळाच्या चाकाचा शेवटचा दात जाड येतोय, कुठं चुकतंय?

चोपड्याचा_लेथवाला
नमस्कार मंडळी. चोपड्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे, दिवसभर पंपाचे शाफ्ट न ट्रॅक्टरचे बुश, पण रात्री शटर ओढलं की सहा महिन्यांपासून एकच नाद, हँडल फिरवलं की बुध शुक्र पृथ्वी मंगळ आपापल्या वेगानं सूर्याभोवती फिरतील असं पितळी मॉडेल. ऑररी म्हणतात त्याला. सीएनसी नाही, जुना लेथ, मिलिंग आणि एक डिव्हायडिंग हेड (चाक सारख्या भागांत फिरवून दात पाडायचं साधन), बस. रेडिमेड गिअर लाव हा सल्ला कृपया कोणी देऊ नका, तो घरून रोज मिळतो.

मंगळासाठी 47 आणि 25 दात धरलेत, मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) 0.5, एचएसएस (हायस्पीड स्टील) बिट घासून एका धारेचा फ्लाय कटर घरीच बनवला. हेड 40 चं आहे, म्हणजे हँडलच्या 40 फेऱ्यांत चाकाचा एक फेरा, म्हणून प्लेटवरची 47 भोकांची रिंग घेतली, दर दाताला 40 भोकं, सेक्टरच्या (भोकं मोजायच्या) दोन पट्ट्यांमध्ये नीट 40 भोकं मोजून त्या टाईट केल्या. 47 खाचा पाडून झाल्या आणि बघतो तर शेवटचा दात तीन-साडेतीन दातांएवढा जाड! दोनदा केलं, दोनदा तेच, आणि पितळेचा भाव तुम्हाला माहितीये.

दुसरं म्हणजे चारही ग्रहांच्या नळ्या एकात एक बसवायच्या तर प्रत्येक जोडीचं सेंटर अंतर वेगळंच येतंय, ते कसं जुळवता?

रावेरची_केळी
भो, तो जाड दात गुरूचा समजून ठेवून दे 😄

भुसावळ_टर्नर
हसू नका त्याला, ही चूक आम्ही सगळ्यांनी केलीये, मी तर अप्रेंटिस असताना उस्तादासमोर केली होती.

हँडलची पिन ज्या भोकात उभी आहे ते भोक मोजायचं नसतं रे. पट्ट्यांमध्ये 40 भोकं दिसली म्हणजे मधे जागा 39 च झाल्या, तिथं 41 भोकं दिसायला पाहिजेत. तू दर वेळी एक भोक मागं राहिलास, 46 वेळा सरकवलं म्हणजे 46 भोकं साचली, जवळजवळ हँडलचा अख्खा फेरा, तो सगळा त्या शेवटच्या दातात जमा झाला. कटर चांगला आहे तुझा, त्याला दोष देऊ नको. आणि हँडल पुढं गेलं तर नुसतं परत ओढून भोकात पिन टाकू नको, अर्धा फेरा मागं जाऊन पुन्हा पुढून ये, वर्ममधला प्ले (हेडच्या आतल्या स्क्रूचा ढिलेपणा) निघाला पाहिजे.

आता सेंटरचं. अंतर दातांच्या बेरजेवर ठरतं, मॉड्यूल गुणिले बेरीज भागिले 2. मंगळ 94 आणि 50 कर, बेरीज 144. बुधाला 116 आणि 28 घे, त्याचीही 144. पृथ्वीला 72-72, पुन्हा 144. तिन्ही 36 मिमीवर एकाच शाफ्टवर बसतात. बुधाला 58-14 पण चाललं असतं पण 20 डिग्री कोनाच्या कटरनं 17 दातांच्या खाली दातांची मुळं खायला लागतात, म्हणून दुप्पट केलं. ह्या हिशोबात बुध दर फेरीला पावणेपाच तास उशिरा पोचतो न मंगळ सातेक तास लवकर, टेबलावर कोण घड्याळ घेऊन बसणारे.

शुक्रच त्रास देतो. त्याचा मेळ 13 ला 8 (पृथ्वीच्या 8 फेऱ्यांत त्याच्या 13), आणि 144 मध्ये तो काही केल्या बसत नाही. त्याला दुसरी शाफ्ट दे, समोरच्या बाजूला 21 मिमीवर. पृथ्वीच्या नळीवर 72 च्या जोडीला अजून एक 42 चं चाक, त्यानं शाफ्टवरचं 42 फिरेल, आणि त्याच शाफ्टवरचं 52 शुक्राच्या नळीवरचं 32 फिरवेल. फक्त ती शाफ्ट मंगळाच्या चाकाच्या खालीच संपव, ते 94 चं चाक सेंटरपासून साडेतेवीस मिमी येतं, शाफ्टला घासणारच.

116 दातांना 29 च्या रिंगवर दर दाताला 10 भोकं, 94 ला 47 वर 20, 52 ला 39 वर 30, 28 ला एक फेरा आणि 21 वर 9. बाकीची तू काढशील. 94 चा ब्लँक (दात पाडायच्या आधीची चकती) 48 मिमी, 116 चा 59, खोली 1.125.

चाळीसगावकर
टर्नर काका, 47/25 हा आकडा कुठून येतो ते सांगू का? मंगळाचे 686.98 दिवस भागिले पृथ्वीचे 365.256, बाकीनं परत भागायचं, परत बाकीनं. भागाकार येतात 1, 1, 7, 2, 1, आणि ते उलटे जोडत गेलं की 47/25 निघतो. पुढची पायरी 79/42, ती जास्त अचूक आहे पण 79 चं चाक साध्या प्लेटवर निघत नाही. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं 1682 च्या सूर्यमालेच्या यंत्रात शनीसाठी 206 आणि 7 दात असेच काढले.

आणि आपले भास्कराचार्य कुट्टकात (पूर्णांकात उत्तर काढायच्या समीकरणांच्या रीतीत) हेच भागाकार एकाखाली एक मांडून वल्ली, म्हणजे उभी रांग, करायचे, प्रश्न वेगळा असतो पण भागायची रीत तीच. आमच्या तालुक्यात पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं कोरलंय, 1207 सालची गोष्ट. लोक पाटणादेवीला जातात, धबधब्याचे रील करतात न परत येतात.

जळगाव_नवखा
अंतरं पण खऱ्या प्रमाणात ठेवता येतील का? म्हणजे शाळेत दाखवायला

भुसावळ_टर्नर
नाही रे बाबा. पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी, 4 मिमी धर, तर सूर्य 44 सेंटिमीटरचा न तो 47 मीटर लांब. एवढा दांडा कोणत्या लेथवर धरशील? वेग खरा ठेवायचा, अंतर आपल्या सोयीनं.

चोपड्याचा_लेथवाला
41!! आत्ता प्लेटवर बोट ठेवून मोजून आलो, तेच होतं. काका लई आभार, बठ्ठं क्लिअर झालं.

चंद्राचं आत्ताच विचारत नाही पण एक गंमत, समुद्रातून मिळालेल्या त्या ग्रीक अँटिकिथेरा यंत्रात चंद्राच्या गाडीत 127 दातांचं चाक आहे म्हणे, आणि माझ्या लेथच्या चेंज गिअरमध्ये (बदलायच्या चाकांत) इंच-मिमीचा मेळ घालून चुडी (स्क्रूचे आटे) पाडायला 127 चंच चाक पडलंय. ते काढून लावलं तर रेडिमेड धरणार का तुम्ही?

भुसावळ_टर्नर
धरणार. शिवाय ते काढलंस तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी चुडी पाडायला येईलच. आधी 50 चं पाड, छोटं आहे, वाया गेलं तर कमी जळेल.