टाय-डायच्या रंगीत पाण्यासाठी करंटवालं मशीन घ्यावं का?

सुरंगीचा_गजरा
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचा बचत गट आहे, सुती स्टोल आणि कुर्त्यांवर टाय-डाय करतो. सीझनला टुरिस्ट बरे घेतात आणि आता पुण्याच्या एका दुकानाची ऑर्डर पण लागलीय. रंग कोल्ड रिअ‍ॅक्टिव्ह (गरम न करता सुताला लागणारे), सोबत मीठ आणि सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा). धुण्याचं धरून दिवसाला ५००-६०० लिटर रंगीत पाणी निघतं. आतापर्यंत ते मागच्या खड्ड्यात सोडत होतो पण इथे सगळा जांभा, पाणी कुठून शिरेल आणि कुठे निघेल नेम नाही, आणि उताराला शेजारच्या काकांची विहीर आहे. विहिरीत अजून काही उतरलेलं नाही पण काका रोज बादली वर काढून आधी पाण्याकडे बघतात मग आमच्याकडे.

तर एक सेल्समन येऊन डेमो दाखवून गेला. काचेच्या बरणीत आमचंच जांभळं पाणी घेतलं, दोन पत्रे सोडले, करंट दिला, थोड्या वेळात वर तपकिरी फेस आणि खाली पाणी नितळ. म्हणतो केमिकल नको, मेंटेनन्स नाही, पाणी सरळ माडाला घाला. किंमत लाखाच्या वर सांगतोय. हे खरंच चालतं का, बिल किती येईल, आणि पावसात काय करायचं कारण आमच्याकडे जून लागला की लाईटचा भरवसा नाही?

लोटेवाला
चालतं. मी लोट्याच्या एमआयडीसीत ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) आहे, इलेक्ट्रोकोऍग्युलेशनचं, म्हणजे करंटने घाण गोळा करायचं, युनिट जवळून बघितलंय. पण 'केमिकल नको' हे अर्धंच खरं आहे, कारण केमिकल त्या पत्र्यातूनच येतं. प्लसचा पत्रा हळूहळू विरघळतो, लोखंड पाण्यात उतरतं, त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि रंग त्याला चिकटून गोळा होतो. मायनसच्या पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, तेच तो गोळा वर उचलतात, तुम्ही बघितलेला फेस तो. हायड्रोजन पेट घेतो म्हणून बंद खोलीत हे चालवायचं नाही, दारं खिडक्या उघड्या आणि जवळ चूल शेगडी अजिबात नको.

हिशोब सोपा आहे. १ अँपिअर १ तास गेला की साधारण १.०४ ग्रॅम लोखंड विरघळतं, फॅरेडेचा नियम, मशीन कोणाचंही असो. १० लिटरच्या बादलीला १२ वोल्टवर ५ अँपिअर अर्धा तास दिला तर २.६ ग्रॅम लोखंड आणि ३० वॉट-तास वीज, म्हणजे १००० लिटरला ३ युनिट. १० रुपये युनिट धरलं तरी ३० रुपये. तुमच्या पाण्यात मीठ असल्यामुळे वोल्टेज आणखी कमी लागेल, त्यामुळे बिलाचं टेन्शन नकोच. मेंटेनन्स मात्र आहे बरं का, पत्र्यावर थर बसतो मग करंट जात नाही, अधूनमधून प्लस मायनस उलटे करायचे, घासायचे, आणि झिजले की बदलायचे. साधे एमएसचे (माइल्ड स्टीलचे) पत्रे आहेत, गावचा वेल्डर कापून देईल.

खरी गोष्ट पुढे आहे जी सेल्समन सांगत नाही. त्याच १००० लिटरमागे अर्धा किलो सुका गाळ नुसत्या लोखंडाचाच होतो, रंग वेगळा, आणि ओला असताना तो २५ किलोच्या पुढे जातो कारण त्यात पाणीच पाणी. रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून गाळात जातो, बस.

झारापचो_झील
ताई, आधी गाळ खय टाकतलंस ता सांग, मग मशीन घे. नायतर लाख रुपये घालून खड्ड्यातला पाणी गोणीत भरल्यासारखा होतला. आणि एक विचारतंय, ब्लिचिंग पावडर टाकून रंग उडत नाय काय? माझ्या मावशीकडे तसाच करत. आणि माडाक तर मीठ चालताच, आमी आळ्यात घालतंव.

रसायन_मास्तर
झील, उडतो ना, पण उडाला म्हणजे गेला असं नाही. बरेचसे रिअ‍ॅक्टिव्ह रंग अ‍ॅझो जातीचे, दोन नायट्रोजनच्या जोडीमुळे रंग दिसतो. क्लोरीनने ती जोडी तुटते, डोळ्याला पाणी साफ, पण रेणूचे तुकडे पाण्यातच राहतात आणि त्यातल्या काहींना क्लोरीन चिकटून बसतो, ते मूळ रंगापेक्षा वाईट ठरू शकतं. कापड उद्योगाच्या सांडपाण्याचे २०१६ चे नियम बघा, रंग मोजायच्या एककात १५० च्या आत आणि सीओडी (पाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत, दोन्ही वेगवेगळे मोजतात. रंग पास आणि सीओडी नापास असं खुशाल होतं.

ताई, तुम्हाला कदाचित दुसरा सेल्समन भेटेल, तो न झिजणारे पत्रे दाखवेल. टायटॅनियमवर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप, स्विमिंग पूलच्या सॉल्ट क्लोरिनेटरमधे असतात तेच. मिठाच्या पाण्यात ते घातले की क्लोराइडचा क्लोरीन होतो, रंग झटकन उडतो, गाळही होत नाही म्हणून सगळे खूश. पण ती झाली विजेवरची ब्लिचिंग पावडरच, वरचं सगळं तिलाही लागू, शिवाय पाणी आम्लधर्मी असेल तर क्लोरीन वायू थेट नाकात. छोट्या जागेत मी तरी नको म्हणेन, त्यापेक्षा लोखंड आणि गाळ परवडला, निदान घाण कुठे आहे ते दिसतं.

माडाचं म्हणाल तर मीठ माड सोसतो, त्याच्या शेजारची सुपारी आणि केळ सोसत नाही. आणि इथे नुसतं मीठ नाही, सोड्याचं सोडियम आहे, रंगाचे तुकडे आहेत, त्यात जांभा म्हणजे काकांची विहीर आलीच.

सुरंगीचा_गजरा
बापरे, बरं झालं विचारलं. दोन गोष्टी. आमचा सगळ्यात खपणारा रंग टर्क्वाइज आहे, टुरिस्टांना समुद्राचाच कलर हवा असतो, त्याला हे चालेल का? आणि सोड्यामुळे आमच्या पाण्याचा पीएच ११ च्या आसपास येतो, तो उतरवायला आमसुलाचं पाणी वापरलं तर? घरचंच आहे, गटातल्या दोघीतिघींकडे रातांबे आहेत.

रसायन_मास्तर
टर्क्वाइज अ‍ॅझो नाही, त्याच्या पोटात तांबं असतं. क्लोरीनने तोडलात तर तांबं पाण्यात मोकळं सुटणार, लोखंडी पत्र्याने गोळा केलात तर गाळात जाणार. म्हणजे तुमच्यासाठी लोखंडी पत्रेच, पण मग तो गाळ बागेत, खतात, चिऱ्याच्या मागे कुठेही जाता कामा नये.

लोटेवाला
आमसूल नको हो ताई, सरबत करा त्याचं. त्यातली आम्लं लोखंडाला धरून ठेवतात, गोळाच नीट होत नाही आणि सीओडी उलट वाढतो. व्हिनेगरनेही सीओडी वाढतोच. पातळ केलेलं सल्फ्युरिक घ्या, ग्लोव्हज चष्मा घालून, अ‍ॅसिड पाण्यात सावकाश ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमधे कधीच नाही, आणि भांडं अर्धं रिकामं ठेवा कारण सोड्यामुळे फसफसून वर येतं. पीएच ८ पर्यंत आणा, पुरे. यात गंमत म्हणजे सोडा अधिक सल्फ्युरिक म्हणजे सोडियम सल्फेट, मिलवाले ज्याला ग्लॉबर सॉल्ट म्हणतात आणि रंगाईत मिठाऐवजी वापरतात ते.

म्हणून माझा सल्ला असा की ५०० लिटर एकत्र करूच नका. पहिलं रंगाचं पाणी वेगळ्या पिंपात घ्या, ते ६०-७० लिटरच असेल पण मीठ आणि रंगाचा मोठा हिस्सा त्यातच असतो. आधी तेवढ्यालाच करंट द्या, गडद असल्याने मी वर सांगितलं त्याच्या दुप्पट तिप्पट लोखंड लागेल, तरी बादली बादलीने करायला घरगुती सेट (१२ वोल्टचा सप्लाय आणि पत्रे) पुरतो, लाखाचं मशीन कशाला. नंतर काठीने ढवळा किंवा फिश टँकचा पंप लावा, हवा लागली की उरलेलं लोखंड पण खाली बसतं. रात्रभर निवळू द्या आणि वरचं खारट पाणी पुढच्या गडद बॅचला परत वापरा. त्यात लोखंड राहिलं तर शेड मळकट येते म्हणून आधी चिंधीवर ट्राय करा. मीठ वाचतं आणि खारं पाणी बाहेर सोडायचा प्रश्नच बराचसा मिटतो. हलक्या धुण्याच्या पाण्यातलं शेवटचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला घ्या, म्हणजे एकूण पाणीच कमी होईल. जे उरेल त्यालाही नंतर लोखंडी पत्रे लावून करंट द्या, पण ते त्या खड्ड्यात सोडू नका.

लाईट गेली तर काही बिघडत नाही, पिंपाला झाकण घाला, आली की चालू करा.

सुरंगीचा_गजरा
हे आवाक्यातलं वाटतंय. फक्त गाळ पावसात वाळवायचा कसा, चार महिने आमच्याकडे कपडे वाळत नाहीत.

लोटेवाला
पावसात वाळवायचा नाहीच. जाड कापडाच्या पिशवीत भरून टांगा, खाली बादली, निथळलेलं पाणी परत पिंपात. घट्ट झाला की झाकणाच्या ड्रममधे साठवा, वर मार्करने तारीख आणि रंग लिहा, ऑक्टोबरात पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकवर पसरा. असा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो तळोज्यासारख्या अधिकृत साइटवरच जायला हवा, एकट्या गटाला ट्रक परवडणार नाही म्हणून आसपासच्या कोणा युनिटच्या गाडीत ड्रम जाईल का बघा. त्याआधी एमपीसीबीच्या (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) रत्नागिरी ऑफिसात संमतीबद्दल विचारून या, लहान गट आहोत म्हणून लागत नाही असं धरून चालू नका. जाताना पाण्याचा एक लॅब रिपोर्ट सोबत न्या, रंग, सीओडी आणि तांबं, तिन्ही तपासून.

झारापचो_झील
आणि काकांच्या विहिरीचा पाणी पण त्याच लॅबात दे गो, खर्च अर्धो अर्धो करा.