अहिल्याबाईंच्या काळातली रशियाची कॅथरीन : शाळकरी मुलीला काय सांगावे?

प्रश्न : वाचनालयताई, लाखनी तालुका (भंडारा)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी शाळकरी मुली वाचायला बसतात. ३१ मे रोजी अहिल्याबाई होळकरांच्या जयंतीला आम्ही त्यांचे चरित्र वाचले, तेव्हा नववीत जाणाऱ्या एका मुलीने विचारले की, अहिल्याबाई महेश्वरहून राज्य चालवत होत्या त्या काळात युरोपात एखादी बाई गादीवर होती का. मी रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनचे नाव सांगितले, कारण दोघींचे आयुष्य जवळजवळ जोडीनेच गेले. अहिल्याबाई १७२५ ते १७९५ आणि कॅथरीन १७२९ ते १७९६. आता त्या मुलीला शाळेत कॅथरीनवर भाषण करायचे आहे आणि मी पेचात पडले आहे. एका पुस्तकात ती विद्येची आश्रयदाती आहे, दुसऱ्यात नवऱ्याची गादी बळकावणारी, आणि मोबाइलवर शोधले तर तिच्या खाजगी आयुष्याच्या किळसवाण्या कथांखेरीज फारसे काही हाती लागत नाही. परक्या मुलखातून सून म्हणून आलेली ही बाई ३४ वर्षे गादीवर कशी टिकली आणि तिच्यामागे नेमके काय उरले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त इतिहास शिक्षक, पवनी

ताई, सुरुवात तिच्या माहेरापासून करावी, कारण तिच्या अंगात रशियन रक्त नव्हते हे ऐकूनच मुली कान टवकारतील. तिचे मूळ नाव सोफी. जन्म श्टेटिन येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील श्चेचिन शहरात झाला. वडील एका लहानशा जर्मन संस्थानाच्या घराण्यातले आणि प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होते. रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने आपला भाचा आणि वारस पीटर याच्यासाठी तिला १७४४ मध्ये बोलावून घेतले. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्याच वयाची. तिने रशियन भाषा इतक्या जिद्दीने शिकायला घेतली की रात्री उठून पाठ घोकत असे. त्याच वर्षी तिने रशियातला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ स्वीकारला, तिला एकातेरिना हे नाव मिळाले आणि पुढच्या वर्षी लग्न झाले. संसार सुखाचा नव्हता. ती एकलकोंड्या वर्षांत वाचत राहिली, आणि हे वाचनच पुढे तिचे भांडवल ठरले.

१७६२ च्या आरंभी पीटर गादीवर आला आणि सहा महिन्यांतच राजधानीतील पहारेकरी पलटणींच्या पाठिंब्याने कॅथरीनने त्याला दूर केले. थोड्याच दिवसांत रोपशा येथे नजरकैदेत असताना तो मारला गेला. हा भाग मुलीपासून लपवू नये. गादीवर तिचा जन्माने काहीही हक्क नव्हता, हे तिला स्वतःलाही पक्के ठाऊक होते, आणि उमरावांना सतत राजी राखण्याची तिची धडपड बऱ्याच अंशी त्यातूनच आली, असे माझे मत आहे.

वारशाबद्दल म्हणाल तर पहिले नाव हर्मिटाज संग्रहालयाचे. बर्लिनच्या एका व्यापाऱ्याने प्रशियाच्या राजासाठी चित्रे जमवली होती, पण सात वर्षांच्या युद्धाने राजाची तिजोरी रिती झाली होती. तो संग्रह कॅथरीनने १७६४ मध्ये विकत घेतला आणि तेथून या संग्रहालयाचा प्रारंभ धरतात. फ्रेंच विचारवंत दिदेरो पैशांच्या अडचणीत आला, तेव्हा तिने त्याचा ग्रंथसंग्रह विकत घेतला, पण पुस्तके त्याच्याच घरी ठेवून त्यालाच पगारी ग्रंथपाल नेमले. वाचनालय चालवणाऱ्या तुमच्यासारखीला ही गोष्ट नक्की आवडेल. मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते ते मुलींसाठी १७६४ मध्ये काढलेले स्मोल्नी विद्यालय, प्रांतोप्रांती आणि तालुक्याच्या ठिकाणी विनाशुल्क शाळा काढण्याचा १७८६ चा कायदा, आणि १७८३ मध्ये एकातेरिना दाश्कोवा या विदुषीकडे दिलेले विज्ञान अकादमीचे प्रमुखपद. त्याच वर्षी स्थापन झालेल्या रशियन अकादमीचे अध्यक्षपदही दाश्कोवाकडेच होते आणि या अकादमीने रशियन भाषेचा सहा खंडांचा शब्दकोश सिद्ध केला.

उत्तर २ : पांदणवाट, आर्वी तालुका (वर्धा)

गुरुजींनी सांगितले ते खरेच आहे, पण मी शेतकरी आहे, म्हणून माझा प्रश्न असा की ही चित्रे ज्या धान्याच्या पैशांतून आली, ते पिकवणाऱ्यांचे काय झाले? त्या काळी रशियातील सुमारे निम्मे शेतकरी जमीनदारांच्या मालकीचे होते. त्यांना भूदास म्हणतात. आपल्याकडचा सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होतो, मग पटले तर राहतो, नाही तर दुसऱ्या वाड्याला जातो. भूदासाला असा पाडवाच नव्हता. तो, त्याची बायको, त्याची लेकरे, सारे मालकाचे, आणि मालक त्यांना विकूही शकत असे. आमच्या आजोबांनी मालगुजाराच्या शेतात बेगार केली होती आणि तिच्या आठवणी ते सांगत, पण आपल्याला कोणी विकेल ही धास्ती त्यांना कधी नव्हती.

ताई, मुलीला १७६७ हे एकच वर्ष नीट समजावून सांगा. त्या वर्षी कॅथरीनने नवा कायदा करण्यासाठी देशभरातून प्रतिनिधी बोलावले आणि त्यांच्यासाठी ‘नकाज’ नावाचे सूचनापत्र स्वतः लिहिले. त्यात माँतेस्क्य आणि बेक्कारिया या युरोपीय विचारवंतांचे विचार घेऊन तिने छळ करून कबुली घेण्याचा निषेध केला. पण त्या सभेत जमीनदारांच्या भूदासांना एकही जागा नव्हती. आणि त्याच वर्षी, सूचनापत्र प्रसिद्ध झाल्यावर महिनाभराच्या आत, भूदासांनी मालकाविरुद्ध तक्रार करू नये असा हुकूम निघाला. तक्रार करणाऱ्याला चाबकाचे फटके आणि सायबेरियात जन्मठेप! याचा अर्थ काय ते एका उदाहरणावरून कळते. दार्या साल्तिकोवा नावाची एक जमीनदारीण आपल्या भूदासांचे हाल करून त्यांना मारत असे. १७६२ मध्ये दोन भूदासांनी कसाबसा अर्ज थेट कॅथरीनपर्यंत पोहोचवला. त्यांपैकी एकाच्या तीन बायका त्या बाईने एकामागून एक मारल्या होत्या. चौकशी झाली, ३८ खून सिद्ध झाले आणि १७६८ मध्ये तिला जन्मठेप झाली. म्हणजे ज्या अर्जामुळे हा न्याय मिळाला, तसा अर्ज करणे त्या बाईला शिक्षा होण्याआधीच गुन्हा ठरून गेले होते.

पुढे १७७३ मध्ये पुगाचोव्ह नावाच्या कोसॅकाने, म्हणजे सीमेवरच्या लढवय्या घोडेस्वार जमातीतल्या माणसाने, बंड केले. मारला गेलेला राजा पीटर तो आपणच, असे तो सांगे, आणि हजारो भूदास त्याच्यामागे गेले. त्याला १७७५ मध्ये मॉस्कोत देहदंड दिला. दहा वर्षांनी कॅथरीनने उमरावांना हक्कांची सनद दिली. शेतकऱ्यांच्या सनदेचा मसुदा तयार झाला होता, तो तिने कधीच जाहीर केला नाही. भूदासांचे हाल पुस्तकात मांडणाऱ्या रादिश्चेव्हला १७९० मध्ये आधी मृत्युदंड सुनावला गेला, मग सायबेरियात धाडले गेले. भूदासांची सुटका व्हायला १८६१ उजाडले.

वाचनालयताई

भाऊ, तुमचे उत्तर वाचून मी बराच वेळ गप्प बसले. मग १७८६ च्या शाळांत भूदासांची मुले बसत होती का? आणि त्या किळसवाण्या कथांचे काय करावे?

उत्तर ३ : गावची आरोग्यसेविका, चिमूर तालुका (चंद्रपूर)

ताई, एक गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून लिहिते. आमच्या गावाच्या शिवेवर मातामायचे ठाणे आहे. देवीच्या साथीची भीती म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. कॅथरीनच्या राजवाड्यातही तीच भीती होती. तिच्या नवऱ्याचा चेहरा लग्नाआधी देवीच्या व्रणांनी भरला होता. १७६८ मध्ये तिने इंग्लंडहून टॉमस डिम्सडेल या डॉक्टरला बोलावले आणि देवी आलेल्या एका लहान मुलाच्या फोडातील द्रव स्वतःच्या दंडात टोचून घेतला. हा खऱ्या देवीचाच द्रव होता, गाईच्या देवीचा नव्हे, त्यामुळे जिवाला धोका होता. जेनरची लस १७९६ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूच्या वर्षी आली. कॅथरीन बरी झाल्यावर तिचा मुलगा पॉल यालाही टोचले आणि मग उमराव पुढे आले. घरोघरी लसीसाठी फिरणारीला ठाऊक असते की, आधी स्वतःचा दंड पुढे केल्याशिवाय लोक ऐकत नाहीत.

निवृत्त इतिहास शिक्षक, पवनी

भाऊंनी माझ्या उत्तरातील उणीव भरून काढली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्या शाळा शहरांत होत्या. खेड्यापाड्यांत त्या पोहोचल्याच नाहीत, म्हणून भूदासांच्या बहुतेक मुलांना त्यांचा उपयोग झाला नाही. स्मोल्नीतही मुख्यतः उमरावांच्या मुली होत्या. नगरवासी घरांतील मुलींसाठी वेगळा विभाग पुढच्या वर्षी निघाला. मी ‘विनाशुल्क शाळा’ असे लिहिले, तेव्हा हे सांगायला हवे होते.

आता त्या किळसवाण्या कथा. त्यांतली कॅथरीनच्या मृत्यूविषयीची कथा निखालस खोटी आहे. ती मेंदूच्या झटक्याने गेली. तिला प्रियकर होते आणि पोत्योमकिनसारखा एखादा राज्यकारभारातही भागीदार होता, एवढे सांगून थांबावे. तसे पुरुष राजांबद्दल आपण एवढेही सांगत नाही.

एक सूचना लिहून ठेवा. मृत्यूची तारीख काही पुस्तकांत ६ नोव्हेंबर आणि काहींत १७ नोव्हेंबर १७९६ अशी आढळेल. दोन्ही बरोबर आहेत. रशियात तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालत असे आणि ते अकरा दिवस मागे होते. मुलीने कोणतीही एक पद्धत धरावी, पण जन्माची तारीखही त्याच पद्धतीने द्यावी : जुन्या पंचांगाप्रमाणे २१ एप्रिल, नव्याप्रमाणे २ मे १७२९.