मदत हवी आहे: बुडापेस्टमध्ये बीफ-पोर्क टाळून काय मागवावं?

आईबाबा सोबत आहेत. चिकन-मासे चालतात, बीफ-पोर्क अजिबात नाही. गुयाश म्हणजे बहुधा बीफचं पातळ सूप, ते बाद. चिकन पाप्रिकाश (पाप्रिका म्हणजे लाल मिरचीपूड घातलेला चिकनचा रस्सा) आणि नोकेडली (पिठाचे छोटे उकडलेले गोळे) चालेलसं वाटतं, पण खरी अडचण सुरुवातीलाच आहे: पारंपरिक पद्धतीत कांदा डुकराच्या चरबीवर परततात, मग गॅसवरून उतरवून पाप्रिका घालतात (नाहीतर ती जळून कडवट होते). मेनूवर चरबीचा उल्लेख क्वचितच असतो. लेचो (ढोबळी मिरची-टोमॅटोचा पदार्थ) दिसते भाजी, पण त्यात बऱ्याचदा सॉसेज असतं. तेलात केलेलं पाप्रिकाश सांगून मिळतं का, की रस्सा आधीच तयार असतो? तळलेल्या चीजचं तेल पोर्क श्निट्झेलचंच (ब्रेडक्रम्ब लावून तळलेल्या मांसाच्या चकतीचंच) असतं का? खात्रीची ठिकाणं कृपया सुचवा.