मदत हवी आहे: अहंकार कुठे संपतो आणि 'मी' कुठे सुरू होतो?

मंडळी, जाणकारांनी जरा हा गुंता सोडवावा. रोज पहाटे डोळे मिटून बसते. रमण महर्षींचा 'मी कोण?' हा शोध धरलाय: मनात काही उठलं की 'हे कोणाला वाटलं?' असं विचारत मागे जायचं. तेवढ्यापुरता आत लख्ख उजेड असतो. पण माझं मोठ्यानं हसणं, न पटलेलं तोंडावर बोलणं, हे अहंकार म्हणून सोडायचं की स्वभाव म्हणून जपायचं? सत्संगात हळूहळू सगळे एकाच मऊ आवाजात बोलू लागतात; मला ते जमत नाही (खरं सांगायचं तर पटतही नाही). तुम्ही हा फरक कसा ओळखता? पुस्तकी उत्तर नको, स्वतःच्या साधनेतला अनुभव सांगा. रोजनिशी लिहून कोणाला फायदा झाला असेल तर तेही कळवा.