तुटी दोनशेवर, क्रॉसओव्हर मात्र वीस-पंचवीस: निवड होते कशी?

प्रश्न
उंदराच्या स्परमॅटोसाइटमध्ये (शुक्राणू घडवणाऱ्या, अर्धसूत्री विभाजनातल्या पेशीत) झायगोटीनच्या, म्हणजे गुणसूत्रं जोडीदाराशी जुळू लागण्याच्या टप्प्याच्या, आसपास डीएनएच्या तुटींवर बसणाऱ्या डीएमसी१ या प्रथिनाचे २०० हून अधिक ठिपके दिसतात. नंतरच्या पॅकिटीनमध्ये, म्हणजे जोड्या पूर्ण जुळल्यावर, क्रॉसओव्हरच्या (जोडीतल्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते त्या) जागा दाखवणाऱ्या एमएलएच१ या प्रथिनाचे फक्त २२ ते २४. तरीही (एक्स-वाय सोडून) गुणसूत्रांच्या १९ समजात जोड्यांपैकी जवळपास प्रत्येकीवर निदान एक ठिपका असतोच, आणि दोन असले तर एकमेकांपासून लांब. हे अंतर राखलं कसं जातं? काही पेशींत १५-१६च ठिपके सापडतात, ते खरे धरायचे का?

उत्तर १
याचं सर्वांत स्पष्ट चित्र अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहान रोपात मिळालंय. एचईआय१० हे प्रथिन आधी सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्सच्या (जोडीतली दोन गुणसूत्रं लांबीभर जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या रचनेच्या) लांबीभर बारीक ठिपक्यांत विखुरलेलं असतं. ते लांबीच्या दिशेने सरकत राहतं. मोठा ठिपका शेजारच्या लहानांकडचं प्रथिन ओढून घेतो, म्हणून त्याच्या आजूबाजूला दुसरा मोठा ठिपका तयार होऊच शकत नाही. शेवटी उरलेल्या मोजक्या ठळक जागी क्रॉसओव्हर होतो, बाकीच्या बहुतेक तुटी क्रॉसओव्हरविना सांधल्या जातात. प्रत्येक जोडीला स्वतःचा साठा मिळतो, त्यामुळे निदान एक ठिपका वाचतोच. एचईआय१० वाढवलं की क्रॉसओव्हर वाढतात आणि जवळजवळ येतात. या कॉम्प्लेक्सला लागणारं झेडवायपी१ प्रथिन काढून ते बनूच दिलं नाही, तर अंतराचा नियम मोडतो आणि काही जोड्या क्रॉसओव्हरविना राहतात.

उत्तर २
वरचं सगळं पटतं, पण ते उंदराला जसंच्या तसं लावू नका. तिथे क्रॉसओव्हरची जागा आरएनएफ२१२ हे प्रथिन पक्की करतं, तर एचईआय१० त्याला बहुतेक जागांवरून हटवतं. एचईआय१० नसेल तर आरएनएफ२१२ सगळीकडे चिकटून राहतं आणि एमएलएच१चे ठिपके बनतच नाहीत. आरएनएफ२१२ जनुकाची एक प्रत कमी केली तरी क्रॉसओव्हर घटतात.

उत्तर ३
१५-१६ वर विश्वास ठेवण्याआधी पेशीचा टप्पा तपासा. एमएलएच१ पॅकिटीनच्या सुरुवातीला पुरतं बसलेलं नसतं आणि अखेरीस निघून जातं. एसवायसीपी३सोबत (हे प्रथिन गुणसूत्रांचा अक्ष दाखवतं) एच१टी हे पॅकिटीनच्या मध्यापासून दिसणारं प्रथिन रंगवा: एच१टी नसेल तर पेशी अजून लवकरच्या टप्प्यात आहे. जोड्या पूर्ण जुळलेल्याच पेशी घ्या. एक्स-वायचा ठिपका वेगळा मोजा, कारण त्याचं वेळापत्रक इतरांशी जुळत नाही. एच१टी आहे, त्याच स्लाइडवरच्या शेजारच्या पेशी २३ दाखवतात आणि या पेशीत मात्र जोड्या रिकाम्या आहेत, अशा वेळी कमतरता बहुधा खरी. मात्र एमयूएस८१ या एन्झाइमच्या वेगळ्या मार्गाने होणारे थोडे क्रॉसओव्हर एमएलएच१ने दिसत नाहीत, त्यासाठी मेटाफेज १ या पुढच्या टप्प्यात कायझ्मा (क्रॉसओव्हरमुळे गुणसूत्रं एकमेकांत अडकलेल्या जागा) मोजा.