नाइट व्हिजन गॉगल लावल्यावर समुद्रावर रात्री खरंच सगळं दिसतं का?

सायली, रत्नागिरी:
माझा धाकटा भाऊ एनडीएची तयारी करतोय. नौदलात हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय त्याला. तो म्हणतो, गॉगल डोळ्यांवर आले की रात्र काय नि दिवस काय. मग २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लष्कराचं हेलिकॉप्टर रात्री समुद्रात कसं कोसळलं? साधनं तर सगळी होती त्यांच्याकडे. माहितगार कुणी असेल तर सांगा.

निवृत्त नौसैनिक:
सायली, मी नौदलाच्या हवाई शाखेत तंत्रज्ञ होतो. उड्डाणाआधी गॉगल तपासून वैमानिकांच्या हाती द्यायचे, हे काम बरीच वर्षं केलं.

गॉगल स्वतःचा उजेड पाडत नाही. चंद्र-चांदण्यांचा असेल तो उजेड पकडून, हजारो पटींनी वाढवून पडद्यावर हिरवं चित्र उमटवतो. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असताना साधारण पाव लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड मिळतो. अमावास्येच्या चांदण्यात लक्सचा हजारावा भाग. वर ढग असले की तोही घटतो आणि चित्रात नुसते ठिपके वळवळतात. म्हणून चंद्र कधी उगवणार, किती वर असणार, हे आधी बघतात.

पण खरी अडचण समुद्राचीच. जमिनीवर झाडं, रस्ते, शेतांचे बांध असतात, त्यांवरून नजर उंचीचा अंदाज घेते. निवांत पाण्यावर तसं काहीच नाही. वारा असला, लाटा फुटून फेस दिसला, तर बरं. दमट हवेत क्षितिज पुसलं जातं, तारे कुठे संपले आणि होड्यांचे दिवे कुठे सुरू झाले ते कळत नाही. हेलिकॉप्टर हळूहळू कलत असतं आणि शरीर सांगत असतं की आपण सरळ आहोत.

तू विचारलंस त्या ऑस्ट्रेलियाच्या हेलिकॉप्टरचं, म्हणजे टायपनचं, तेच झालं. २८ जुलै २०२३, व्हिटसंडे बेटांचा परिसर, चार हेलिकॉप्टर एकमेकांच्या मागे, खाली समुद्र, वर पाऊस. त्यांच्याकडे डोळ्यांपुढच्या गॉगलऐवजी हेल्मेटच्या दोन बाजूंना सेन्सर होते आणि चित्र हेल्मेटच्या समोरच्या काचेवर पडायचं. आपण कसे उडतोय याचं वैमानिकांचं भान सुटलं आणि सुटल्याचं त्यांना कळलंच नाही, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधले चौघे गेले. ती कुशल माणसं होती. अशा अपघातानंतर त्यांना कुणी निष्काळजी म्हटलं की मला फार त्रास होतो.

शिवाय गॉगलमधून साधारण ४० अंशांचाच तुकडा दिसतो, म्हणून मान सतत फिरवायची. कपाळावर अर्ध्या किलोहून जास्त वजन, ते तोलायला बॅटरी हेल्मेटच्या मागे. मानदुखी बहुतेकांना. समोरच्या उपकरणांची घड्याळं वाचायची ती गॉगलच्या खालून, उघड्या डोळ्यांनी. कॉकपिटचे दिवे त्यासाठी हिरवट ठेवतात, कारण तांबडा उजेड गॉगल लगेच पकडतो आणि बाहेरचं चित्र बिघडतं.

दर्यावर्दी, मालवण:
काका, आमच्या इथे एलईडीवाल्या बोटी बंदी असूनही रात्री समुद्र पेटवून ठेवतात. वरून त्याचा त्रास होतो का?

निवृत्त नौसैनिक:
होतो. झगझगीत दिव्याभोवती गॉगलमध्ये मोठं वलय येतं आणि शेजारची बिनदिव्याची होडी त्यात बुडून जाते. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या गॅसच्या ज्वाळांचंही तसंच. उलटा प्रकार त्याहून वाईट: टॉवरवरचे काही लाल एलईडी उघड्या डोळ्याला स्वच्छ दिसतात, पण त्यांच्या लाल रंगाची छटा गॉगलच्या गाळणीत अडते आणि दिवा गायब होतो. म्हणून अधूनमधून गॉगलच्या कडेने नुसत्या डोळ्यांनी बघावंच लागतं.

सायली, रत्नागिरी:
मग काळोखात पाण्यावर एका जागी थांबतात कसे? भावाला काय सांगू?

निवृत्त नौसैनिक:
पात्यांच्या वाऱ्याने पाणी सगळीकडे बाहेर पळत असतं. त्याच्याकडे बघत राहिलं तर आपणच सरकतोय असं वाटतं. म्हणून उंची बघायची ती रेडिओ लहरींनी उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवर, सरकणं बघायचं ते डॉप्लर रडारवर, आणि साथीदार आकडे मोठ्याने बोलत राहतो. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं रात्री पाण्यावर स्थिर राहून सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधायचं यंत्र, पाण्यात बुडवायची ती याच भरवशावर, नजरेच्या नाही. गॉगल होडी शोधायला, माणूस शोधायला, जहाज ओळखायला. त्या कामात त्याला तोड नाही.

नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक अरक्कोणमला आयएनएस राजाळीवर तयार होतात. भावाला सांग, तिथे पोचलास की नुसत्या उपकरणांवर उडण्याचा भाग मनापासून शिक, कंटाळवाणा वाटला तरी. आणि मानेचा व्यायाम आत्तापासूनच सुरू कर म्हणावं.