प्रतिसाद: पदवी कुठली, यापेक्षा आधी काय केलं?

आंतरराष्ट्रीय विकास आणि सार्वजनिक धोरणात अर्थशास्त्राची पीएचडी नसेल तर संशोधकाला कोणी विचारत नाही, असं नेहमी म्हटलं जातं. नोकरीपुरतं ते बऱ्यापैकी खरं. पण मग एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काय करायचं? गणित कमी पडलं म्हणून त्यांना अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळाला नाही. त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. प्रबंधाचा विषय वरकरणी रुक्षच: लॉस एंजेलिसजवळ भूजलाचा उपसा इतका वाढला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं, तेव्हा उपसा करणाऱ्यांनीच आपसांत मर्यादा कशा ठरवल्या. सामाईक साधनं एकतर सरकारने ताब्यात घ्यावीत नाहीतर खासगी करावीत, या ठरीव उत्तराला त्यांनी पुढे जो सुरुंग लावला त्याची वात इथलीच. २००९ मध्ये अर्थशास्त्राचंच नोबेल मिळालं!

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मायकेल क्रेमर पीएचडीआधी केनियात शिकवत होते. पुढे तिथल्याच बुसिया भागातल्या ७५ शाळांत त्यांनी अर्थतज्ज्ञ एडवर्ड मिगेल यांच्यासोबत जंतनाशक गोळ्यांचा अभ्यास केला. (निष्कर्षांवर नंतर जो वाद पेटला, त्यासाठी वेगळा धागा लागेल.) क्रेमर यांच्यासोबतच नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लोही आधी इतिहासाच्या विद्यार्थिनी. मुद्दा पदवीचा नाही, प्रत्यक्ष केलेल्या कामाचा.

पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधणाऱ्यांनी म्हणूनच प्राध्यापकांच्या 'दारिद्र्य, सुशासन, लिंगभाव' छापाच्या आवडीच्या विषयांवर जाऊ नये, ती यादी सगळ्यांची सारखीच असते. त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध काढा आणि माहिती कुठून, कशी गोळा केली तेवढा भाग आधी वाचा.